झेब्रा क्रॉसिंग हवंय, पण अर्जात नेमकं मागायचं काय?

पत्र

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरून मोठा रस्ता जातो, मधे दुभाजक आहे. नातीची शाळा, भाजी मंडई, दवाखाना, बसथांबा, सगळं पलीकडे. सिग्नल जवळजवळ ६०० मीटर लांब. दुभाजकाचे दोन ठोकळे कुणीतरी कधीकाळी सरकवलेत, त्या फटीतून सगळे ये-जा करतात. यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी त्यांना काठी टेकत पलीकडे न्यावं लागतं. उजवीकडे दोनशे पावलांवर वळण आहे, तिथून गाड्या एकदम अंगावर येतात.

मागच्या महिन्यात एका रिक्षाचा आरसा माझ्या पिशवीला लागला. नातीचा डबा रस्त्यावर पडला, झाकण उघडलं, पोळी-भाजी पसरली आणि मागून आलेली बस त्यावरून गेली. तेव्हापासून ती फट आली की नात माझा पदर मुठीत धरते.

मी दोन अर्ज दिले. महापालिकेत म्हणाले, वाहतूक पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, पट्टे मारणं महापालिकेचं काम. एका साहेबांनी विचारलं, "तिथे आजवर अपघात किती झाले?" मी म्हटलं, देवाच्या दयेने मोठा एकही नाही. ते म्हणाले, "मग कसं बसवायचं?" आता सोसायटीतली मुलं म्हणताहेत की पांढऱ्या रंगाचा डबा आणू आणि एका रात्रीत आपणच पट्टे मारू. मी काय करू?

– एक आजी (गावाचं नाव छापू नये, ही विनंती)

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी मुलांना थांबवा. त्यांची तळमळ खरी आहे, पण हा उपाय अंगाशी येईल. दुकानात मिळणारा ऑइल पेंट डांबरावर गुळगुळीत बसतो. पहिल्या सरीला त्यावरून दुचाकी घसरते आणि चालणाऱ्याची चप्पलही. रात्री तो दिव्याच्या उजेडात चमकत नाही, कारण रस्त्याच्या खऱ्या पट्ट्यांत काचेचे बारीक मणी घातलेले असतात, ते यात नसतात. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर रंगवलं म्हणून तक्रार झाली, तर पोरांच्या मागे चौकीचे हेलपाटे लागतील. मला सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. पट्टे दिसले की तुमचे यजमान विश्वासाने पाय पुढे टाकतील. पण पुढे फलक नाही, थांबरेषा नाही, त्यामुळे वळणावरून येणाऱ्या चालकाला काही कळलेलंच नसेल. म्हणून मुलांचा हा उत्साह दुसऱ्या कामाला लावू. ते काम पुढे सांगतो.

मी २९ वर्षं एका महापालिकेच्या रस्ते खात्यात काढली. तुमच्यासारखे अर्ज माझ्या टेबलावर रोज यायचे. कोणता अर्ज पुढे सरकतो आणि कोणता फायलीत दबून राहतो, ते मी आतून पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"अपघात किती झाले?" हा प्रश्न वाचून मला मनापासून वाईट वाटलं. तो विचारणाऱ्या साहेबांना नियम अर्धाच माहीत असावा. रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते, खात्यात सगळे तिला आयआरसी म्हणतात. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी तिची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. चौकापासून दूर, रस्त्याच्या मधल्या भागात क्रॉसिंग कधी द्यावं याच्या कसोट्या त्यात दिल्या आहेत. चालणाऱ्यांची आणि वाहनांची गर्दी ठरावीक आकड्याच्या वर असणं, ही एक. वाहनांचा वेग ताशी ६५ किलोमीटरहून जास्त असणं, ही दुसरी. रस्ता ओलांडायला फार वेळ ताटकळावं लागणं, ही तिसरी. वर्षभरात पाच किंवा अधिक पादचारी जखमी झाल्याची नोंद, ही चौथी. यांतली कोणतीही एक लागू पडली तरी पुरे. चौथी लागू नसेल तर पहिल्या तीन बघायच्या असतात, फाईल मिटायची नसते.

शिवाय अपघात झाला नाही आणि अपघाताची नोंद झाली नाही, या दोन गोष्टी निराळ्या. तुमच्या नातीच्या डब्याची नोंद कुठल्या चौकीत आहे? कुणाच्या घोट्याला मुका मार लागला, कुणी दवाखान्यात दोन टाके घालून घरी गेलं, यातलं काहीच कागदावर येत नाही. म्हणून आजपासून एक वही घाला. तारीख, वेळ, काय झालं, वाहन कुठलं, एवढंच लिहायचं. सोसायटीच्या वॉचमनकडे आणि पलीकडच्या भाजीवालीकडेही विचारा. या माणसांचा दिवस त्या रस्त्याकडे तोंड करूनच जातो, त्यांना सगळं आठवत असतं.

देशाचा आकडाही माहीत असावा म्हणून सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते. कोणाची तरी पाळी येण्याची वाट पाहून मग पट्टे मारायचे, असं कुठल्याच मानकात लिहिलेलं नाही.

आता त्या टोलवाटोलवीकडे येतो. दोन्ही कार्यालयांनी तुम्हाला अर्धं खरं सांगितलं. पट्टे मारायचे, दुभाजक कापायचा, फलक लावायचा, हा सगळा खर्च आणि काम महापालिकेचं. पण क्रॉसिंगमुळे वाहतूक कशी थांबेल, जागा योग्य आहे का, यावर वाहतूक शाखेचं मत घेतलं जातं. ते मत नागरिकाने हातात घेऊन फिरावं, अशी काही पद्धत नाही, एका कार्यालयाने दुसऱ्याला पत्र लिहून ते मागवायचं असतं. तेव्हा वेगवेगळे दोन अर्ज करू नका. अर्ज एकच करा, 'प्रति' म्हणून महापालिकेच्या रस्ते किंवा पथ विभागाचे कार्यकारी अभियंता आणि वाहतूक शाखेचे अधिकारी, दोघांचीही नावं घाला, आणि मागणी करा *संयुक्त स्थळ पाहणीची*. हा शब्द पडला की "तिकडे जा" म्हणायला जागा उरत नाही, कारण दोघांनी एकाच वेळी त्या फटीपाशी उभं राहायचं असतं.

त्याआधी एक खात्री करून घ्या, रस्ता कोणाचा आहे? शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा असतोच असं नाही. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्गाचे. कडेला मैलाचा दगड असेल तर त्याचा माथा बघा. पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग. दगड नसेल तर प्रभाग कार्यालयात कनिष्ठ अभियंत्याला तोंडी विचारा, तो लगेच सांगतो. मी पाहिलंय, चुकीच्या दारात टाकलेला अर्ज वर्षभर 'संबंधित विभागाकडे वर्ग' होत फिरतो.

मुलांचं काम इथे सुरू होतं. त्यांना मोजायला बसवा.

तीन दिवस निवडा, मंगळवार ते गुरुवार. सोमवारी आणि सुट्टीच्या आसपास गर्दीचा अंदाज चुकतो. शाळा भरायची वेळ, शाळा सुटायची वेळ आणि संध्याकाळी मंडईची वेळ, असा एकेक तास घ्या. दोघांनी वाहनं मोजायची, एकाने येणारी आणि एकाने जाणारी. तिसऱ्याने रस्ता ओलांडणारी माणसं मोजायची, त्यांतली शाळेची मुलं, म्हातारी माणसं आणि काठी किंवा व्हीलचेअर वापरणारे वेगळे लिहायचे. चौथ्याने मोबाईलवर घड्याळ लावून बघायचं की कडेला आलेलं माणूस प्रत्यक्ष पाऊल टाकेपर्यंत किती सेकंद थांबलं. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहून खाली रेघ मारायची.

या आकड्यांचं काय करायचं ते सांगतो. तासाला रस्ता ओलांडणारी माणसं घ्या. दोन्ही दिशांची मिळून तासाची वाहनं घ्या, त्यांचा वर्ग करा, आणि माणसांच्या संख्येने गुणा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींच्या वर गेलं आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या वर, तर गर्दीची कसोटी पार झाली. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो, पण करून बघा. समजा, शाळेच्या वेळी तासाभरात १८० माणसं फटीतून गेली आणि १,१०० वाहनं धावली. १,१०० चा वर्ग १२ लाख १० हजार, गुणिले १८०, झाले २१ कोटी ७८ लाख. दुभाजकाचा रस्ता असूनही कसोटी पार! शाळा, मंडई आणि दवाखाना एकाच बाजूला असेल, तर तुमचा आकडाही याच्या आसपास यायला हरकत नाही.

आणि समजा नाहीच आला, तर निराश होऊ नका. फटीतून जाणारे तुम्ही मोजाल, पण जे जायचेच थांबले त्यांना कोण मोजणार? सोसायटीत फिरून विचारा. कोणत्या आजोबांनी मंडईत जाणं सोडलं? कोणाला रस्ता ओलांडता येत नाही म्हणून ६०० मीटरच्या सिग्नलसाठी रिक्षा करावी लागते? किती मुलांना पलीकडच्या शाळेत सोडायला घरचं माणूस स्कूटर काढतं? ही यादी अर्जाला जोडा. माझ्या नोकरीत असं परिशिष्ट जोडलेला अर्ज एकदाच आला होता, आणि तो मी विसरू शकलेलो नाही.

आता मागायचं काय, याकडे येतो. इथे बहुतेक अर्ज फसतात. लोक लिहितात, "झेब्रा पट्टे मारून मिळावेत." मग काय होतं? एके दिवशी गाडी येते, पट्टे मारते, निघून जाते. काम झालं म्हणून फाईल बंद! दुभाजक मात्र तसाच असतो, पट्टे एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत जातात, आणि व्हीलचेअरवालं माणूस मधेच अडकतं. तुम्हीही असे पट्टे पाहिले असतील.

तुमच्या रस्त्याचा हिशेब करू. दोन्ही बाजू धरून रुंदी १५ मीटर असेल असं मानतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, काठी टेकणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो. म्हणजे एका दमात पार जायला त्याला १९ सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात २१० मीटर येते. तुमचं वळण दोनशे पावलांवर, म्हणजे फार तर १२० मीटरवर. याचा अर्थ रस्ता पूर्ण मोकळा दिसत असताना यजमानांनी पाऊल टाकलं, तरी वळणापलीकडची न दिसलेली गाडी ते मधे असतानाच त्यांच्यापर्यंत पोचते. त्यांचं काहीही चुकत नाही. तिथली रचनाच तशी आहे.

आता दुभाजकात नीट थांबायची जागा केली तर बघा. एका वेळी ओलांडायचे फक्त सात मीटर. नऊ सेकंद लागतील. नऊ सेकंदांत गाडी १०० मीटर येते, आणि तुम्हाला १२० मीटर दिसतात. तेव्हा ही थांबायची जागा मागा, तीही आग्रहाने. इंजिनिअर लोक तिला 'रेफ्यूज' म्हणतात. दुभाजक रस्त्याच्या पातळीला कापलेला हवा, व्हीलचेअर किंवा नातीचा हात धरलेली आजी दोन्ही बाजूंच्या गाड्यांपासून सुटून उभी राहू शकेल इतकी खोली हवी, आणि त्यातून दुचाकी घुसू नये म्हणून खांब हवेत. खांबांमधलं अंतर व्हीलचेअर जाईल एवढं ठेवायला सांगा, नाहीतर एकाची सोय आणि दुसऱ्याची अडचण!

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पट्टे थर्मोप्लास्टिक रंगाचे हवेत. तो वितळवून गरमागरम ओततात, थर सुमारे अडीच मिलिमीटरचा असतो, आणि ओला असतानाच त्यावर काचेचे मणी पेरतात. नुसत्या रंगापेक्षा तो कितीतरी जास्त टिकतो. पट्टा अर्धा मीटर रुंद आणि मधली जागाही तेवढीच. चालणाऱ्याला मिळणारी वाट किमान तीन मीटर रुंद. पट्ट्यांच्या अलीकडे गाड्यांसाठी थांबरेषा. पदपथाला दोन्ही बाजूंना उतार. वळणाच्या आधी पादचाऱ्याचं चित्र असलेला इशाऱ्याचा फलक. क्रॉसिंगवर उजेड पडेल असा दिवा. आणि दोन्ही बाजूंना काही मीटर गाड्या उभ्या करायला बंदी, कारण कडेला टेम्पो उभा असला की त्याच्या आडून येणारं सात वर्षांचं मूल कोणालाच दिसत नाही. बसथांबा क्रॉसिंगच्या अगदी अलीकडे असेल तर तो पुढे सरकवायला सांगा. थांबलेल्या बसच्या पुढून निघणारा माणूस मागून बसला ओलांडणाऱ्या गाडीपुढे येतो. शाळा जवळ आहे म्हणून उंचावलेलं क्रॉसिंगही मागता येईल, म्हणजे चालायची वाट पदपथाच्या पातळीला आणि गाड्यांना त्यावर चढून उतरावं लागतं. पण वळण जवळ असल्याने ते तिथे बसेल का, हा निर्णय अभियंत्यांवर सोडा. 'अथवा योग्य वाटेल तो वेगनियंत्रक उपाय' एवढं लिहिलं की पुरे.

अर्जाचा नमुना देतो. यापेक्षा लांब लिहू नका.

*विषय : अमुक रस्त्यावर, अमुक सोसायटीच्या फाटकासमोर पादचारी क्रॉसिंग व दुभाजकात थांबण्याची जागा करून मिळणेबाबत, तसेच संयुक्त स्थळ पाहणीबाबत.*

*महोदय, वरील ठिकाणी शाळा, मंडई, दवाखाना व बसथांबा रस्त्याच्या एकाच बाजूस असून जवळचा सिग्नल सुमारे ६०० मीटरवर आहे. आम्ही अमुक तारखांना केलेल्या मोजणीनुसार गर्दीच्या तासात इतके पादचारी व इतकी वाहने आढळली. मोजणीचा तक्ता, जागेचा नकाशा, फोटो व घडलेल्या प्रसंगांची नोंद सोबत जोडली आहे. आयआरसी १०३ व आयआरसी ३५ (रस्त्यावरील पट्ट्यांचे मानक) यांनुसार येथे क्रॉसिंग करण्यात यावे. आपल्या सोयीच्या दिवशी, शाळा भरण्याच्या वेळेस, वाहतूक शाखेसह संयुक्त पाहणी ठेवावी व त्याची तारीख आम्हास कळवावी, ही विनंती.*

खाली सोसायटीच्या अध्यक्षांची सही घ्या. सह्यांची लांबलचक यादी जोडायचा मोह होईल. जोडा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या लेटरहेडवर लिहिलेलं चार ओळींचं पत्र आणि दवाखान्याच्या डॉक्टरांचं एक पत्र दोनशे सह्यांपेक्षा जास्त काम करतं. फोटो तीनच द्या. एक फटीचा, एक वळणाचा आणि एक शाळेच्या वेळी मुलं दुभाजकावर उभी असल्याचा. फोटोत मुलांचे चेहरे येऊ देऊ नका.

अर्ज स्वतः आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तुमच्या पहिल्या दोन अर्जांची पोच असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पोच नसेल तर कार्यालयाच्या लेखी ते अर्ज आलेलेच नाहीत. कठोर वाटेल, पण तिथे असंच चालतं.

वेळेचं गणितही लक्षात घ्या. भर पावसाळ्यात पट्टे मारत नाहीत, ओल्या रस्त्याला ते धरत नाहीत. तेव्हा जूनमध्ये अर्ज दिला तर "पाऊस संपू दे" हे उत्तर रास्त आहे. पण पाहणी, मोजमाप आणि इस्टिमेट पावसातही होऊ शकतं, ते करून घ्या. पट्ट्यांच्या कामासाठी बहुधा वर्षभराचा एकच ठेका दिलेला असतो, तुमची जागा त्याच्या यादीत घालायची एवढंच. दुभाजक कापणं, उतार, दिवा यांना मात्र वेगळा पैसा लागतो, आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव आदल्या हिवाळ्यातच सुरू होते. मार्चमध्ये जाग आली तर गाडी सुटलेली असते. पुण्यात नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवावीत म्हणून सहभागी अर्थसंकल्प ठेवतात. तुमच्या शहरात तशी सोय आहे का, विचारून ठेवा. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरणही मंजूर केलंय. दुसऱ्या शहराने काय केलं याचा दाखला दिला की अधिकारी ऐकतात, असा माझा अनुभव आहे. नगरसेवकांनाही अर्जाची प्रत द्या, त्यांच्या निधीतून दिवा किंवा उतार होऊ शकतो. पण मूळ अर्ज मात्र खात्याकडेच हवा.

पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन उपअभियंत्यांना भेटा. महिना झाला तरी हालचाल नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपये शुल्क. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत ठेवावा लागतो. "काम का केलं नाही?" असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर नसतं. कागद मागा : "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, आणि या जागेच्या पाहणीचा अहवाल." ३० दिवसांत उत्तर यायला हवं. खरं सांगतो, पुष्कळदा उत्तर देण्याआधीच कोणीतरी धावत जाऊन पाहणी करून येतं, कारण "कार्यवाही निरंक" असं लिहून सही करायला कोणालाच आवडत नाही. त्यापुढे महापालिकेचा लोकशाही दिन आहे, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा दिवस. त्याचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

कायद्याचं बळ तुमच्या बाजूला आहे, पण ते पहिल्याच पत्रात काढू नका. पहिल्या पत्रात विनंती असावी. दुसऱ्या पत्रात लिहा की सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथांबाबत आदेश देताना पादचाऱ्यांचा सुरक्षित चालण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी, जोडलाय. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८-अ सांगतं की रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी दगावलं वा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्याकडे आवक क्रमांक असलेला अर्ज असेल, तर "आम्हाला धोक्याची कल्पना नव्हती" असं नंतर कोणालाही म्हणता येणार नाही. दुसऱ्या पत्रात एवढं एक वाक्य घाला.

पट्टे होईपर्यंत काय? ६०० मीटर चालून सिग्नलला जा, असं गुडघ्याच्या माणसाला सांगणं मला जमणार नाही. व्यायामाच्या दिवसांपुरती रिक्षा करा आणि ती पलीकडच्या दारात उतरवा. नातीसाठी मुख्याध्यापकांशी बोला. शाळा भरताना आणि सुटताना पालकांनी आळीपाळीने उभं राहून मुलांना घोळक्याने पार न्यावं, आणि त्या अर्ध्या तासापुरता पोलीस किंवा वॉर्डन मिळावा म्हणून शाळेनेच वाहतूक शाखेला पत्र द्यावं. शाळेचं पत्र असलं की वाहतूक शाखा सहसा नाही म्हणत नाही. पट्टे झाल्यावरही पहिले काही आठवडे तो माणूस तिथे हवा. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतला नियम आहे. आपल्याकडे तो गाड्यांच्या अंगवळणी पडलेला नाही. नवीन पट्ट्यांवर पोलीस उभा राहिला की तिथल्या रोजच्या गाड्यांना थोड्याच दिवसांत सवय लागते. आणि नातीला सांगून ठेवा की पट्टे असले तरी गाडी थांबलेली दिसेपर्यंत पाय टाकायचा नाही.

शेवटी पाहणीबद्दल. ती बहुधा सकाळी साडेअकराला ठेवतात, साहेब कार्यालयात येऊन, चहा घेऊन निघतात म्हणून. त्या वेळी रस्ता रिकामा असतो आणि "इथे फारशी गर्दी दिसत नाही" असा शेरा पडतो. मीही असे शेरे लिहिले आहेत, जीपमध्ये बसूनच. एकदा एका बाईंनी जीपचं दार उघडलं, माझ्या हातात भाजीची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "साहेब, एवढी पलीकडे नेऊन द्या." मी चार मिनिटं कडेला उभा राहिलो. पिशवीचे बंद बोटात रुतत होते आणि एकही गाडी थांबत नव्हती. त्या जागेचं इस्टिमेट मी त्याच संध्याकाळी केलं.

तेव्हा शाळेच्या वेळेचा आग्रह सोडू नका. तारीख ठरली की आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. आणि त्या दिवशी यजमानांना, त्यांच्या काठीला आणि नातीला बरोबर घेऊन या. अभियंते आणि पोलीस अधिकारी दोघांनाही तुमच्याबरोबर त्या फटीतून एकदा पलीकडे आणि एकदा अलीकडे चालायला सांगा.